विंच आला आणि बॅटरी बसली

मुळशीच्या बाजूला, भाताच्या खाचरांमधून जाणाऱ्या एका गाडीवाटेवर, जुलैतल्या रविवारी दुपारी माझी जीप पुढच्या दोन्ही चाकांनी आसापर्यंत रुतली, आणि खरं सांगायचं तर मला आनंद झाला. तीनच आठवड्यांपूर्वी पुढच्या बंपरच्या मागे विंच (रुतलेली गाडी दोरानं ओढून काढणारं बॅटरीवरचं यंत्र) बसवून घेतला होता. तो वापरायची संधी इतक्या लवकर मिळेल असं वाटलं नव्हतं. मित्रांना बाजूला उभं केलं, आंब्याच्या बुंध्याला पट्टा बांधला, दोर ताणला, वरून जुनी ताडपत्री टाकली (दोर तुटलाच तर चाबकासारखा अंगावर येऊ नये म्हणून) आणि रिमोटचं बटण दाबलं.

पहिला मीटरभर काम झोकात झालं. मग मोटरचा आवाज उतरत गेला. आधी घुमत होती, मग कण्हायला लागली, आणि तिसऱ्या मीटरला सोलेनॉइडच्या (मोटरला करंट जोडणाऱ्या स्विचच्या) डब्यातून नुसतं टिक-टिक-टिक. दोर जागेवर. जीप जागेवर. एक मित्र म्हणाला, "इंजिन तापलंय, पाच मिनिटं बंद कर." मी शहाण्यासारखं बंद केलं. जुनं डिझेल इंजिन, त्याला चालू राहायला बॅटरीची फारशी गरज नसते, पण एकदा बंद केलं की सेल्फला लागतेच. किल्ली फिरवली तर डॅशबोर्डवरचे दिवेसुद्धा लाजल्यासारखे मिणमिणले.

शेवटी ट्रॅक्टरनं टोचन करून बाहेर काढलं. ट्रॅक्टरवाल्या दादांनी पैसे घेतले आणि वर सल्ला दिला, "सायेब, येवढं मशिन लावलंय तर बॅटरी तरी मोठी घ्या की." ते काही चुकीचं बोलत नव्हते. पण पुढचे दोन महिने मी ज्या ज्या माणसाला विचारलं त्यानं यापेक्षा वेगळं काही सांगितलं नाही. अर्धे म्हणाले, मोठी बॅटरी घे. उरलेले म्हणाले, मोठा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) घे. किती मोठा, आणि का, हे कोणी सांगेना.

म्हणून विंचबरोबर आलेली पुस्तिका काढून बसलो. विंच साडेनऊ हजार पौंडाचा, म्हणजे साधारण ४३०० किलोंची ओढ. ही ओढ ड्रमवर दोराचा पहिला थर असतानाची, वर थर चढत जातील तशी ती कमी होत जाते. पुस्तिकेत एक छोटा तक्ता होता. नुसता दोर गुंडाळायला ७५-८० अँपिअर, सहा हजार पौंडांवर ३०० च्या आसपास, आणि पूर्ण ओढीला ४०० च्या वर. १२ व्होल्टला ४०० अँपिअर म्हणजे ४८०० वॅट. घरातले दोन गिझर एका वेळी लावल्यावर जेवढं लागतं त्याहून जास्त. घरी त्यासाठी महावितरण आहे. इथे एक काळं खोकं.

माझ्या जीपला तेव्हा ७० अँपिअर-अवरची (किती अँपिअर किती तास मिळतील, त्या साठ्याचं हे माप), तीन वर्षं जुनी बॅटरी होती आणि अल्टरनेटरच्या प्लेटवर ४५ अँपिअर असं कोरलेलं होतं. मी कागद घेतला. रुतलेली गाडी दहा मीटर ओढायची, विंच त्या ओझ्यावर मिनिटाला अडीच मीटर घेतो असं धरलं, तर चार मिनिटं लागली. ३०० अँपिअर चार मिनिटं म्हणजे २० अँपिअर-अवर. सत्तरातून वीस गेले तर पन्नास उरायला हवेत, नाही का? मलाही तेच वाटलं होतं. पण बॅटरीवर लिहिलेला ७० हा आकडा वीस तासांच्या हिशेबाचा असतो, म्हणजे वीस तास साडेतीन अँपिअर अशी चमच्यानं काढली तर. ३०० अँपिअरनं उपसायला गेलं की तीच बॅटरी निम्मंही देत नाही. त्यात ती तीन उन्हाळे बॉनेटखाली शिजलेली.

आणि अल्टरनेटर? प्लेटवरचे ४५ अँपिअर तो भरधाव फिरताना देतो. आयडलिंगला, तेही गरम झाल्यावर, निम्मे मिळाले तरी नशीब. माझ्याकडे समजा वीस येत होते. पाऊस म्हणून हेडलाइट चालू, त्यांचे नऊ. वायपरचे चार. उरले सात. म्हणजे चार मिनिटांत उपसलेलं परत भरायला जवळजवळ तीन तास. मी पाच मिनिटं थांबून पुन्हा बटण दाबायला निघालो होतो!

या हिशेबानं माझा प्रश्नच बदलला. विंच अल्टरनेटरवर चालत नाही, तो बॅटरीवर चालतो. अल्टरनेटर मागाहून उधारी फेडत राहतो. दीडशे अँपिअरचा आणला तरी ओढ चालू असताना तो फार तर तिसरा हिस्सा उचलेल. तेव्हा बॅटरी ठरवायची ती एका दमात किती ओढायचं यावरून, आणि अल्टरनेटर ठरवायचा तो दोन ओढींच्या मध्ये किती वेळ थांबायची तयारी आहे यावरून. आमच्याकडे साधारण तीन-चार मिनिटं ओढ आणि मग अर्धा तास चहा, फावडं, वादविवाद असा क्रम असतो. त्या अर्ध्या तासात वीस अँपिअर-अवर परत यावेत, एवढी माझी मागणी.

बॅटरीच्या दुकानात हे सांगायला गेलो तर मालकांनी मध्येच थांबवलं. "साहेब, एवढं कशाला? इन्व्हर्टरची ट्युब्युलर न्या. दीडशे एएच (अँपिअर-अवर). दोन बॅटऱ्यांचं काम एकीत." ऐकायला गोड वाटतं. पण ट्युब्युलर म्हणजे जाड प्लेटांची, तासन्‌तास पंखे-दिवे चालवायला केलेली. एकदम शेकडो अँपिअर मागितले की तिचा व्होल्टेज आपटतो. शिवाय टाकीसारखी उंच, पन्नास-साठ किलो वजनाची आणि आतलं पाणी डचमळणारी. जीप तिरकी झाली की ॲसिड कुठं जाणार हे सांगायला नकोच. माझ्या जुन्या बॅटरीच्या ट्रेचा रंग त्या ॲसिडनं आधीच खाल्लेला होता.

लिथियमचं वेड एका मित्राला होतं. वजन निम्म्याहून कमी, व्होल्टेज शेवटपर्यंत ताठ, सगळं खरं. पण परवडणाऱ्या लिथियम बॅटरीतलं संरक्षक सर्किट शंभर-दोनशे अँपिअरला हात वर करतं. म्हणजे ओढ सर्वांत जास्त लागेल नेमक्या त्याच क्षणी अंधार. त्याहून तगडं सर्किट असलेली मिळते, पण तिच्या किमतीत ट्रॅक्टरवाल्या दादांना चार पावसाळे बोलावता आलं असतं.

दोन बॅटऱ्या लावायच्या का, यावर मी बराच घोळ घातला. एक गाडीची, एक विंचची, मध्ये रिले. इंजिन चालू होऊन व्होल्टेज चढला की रिले दोघींना जोडतो, उतरला की तोडतो. विंचनं आपली बॅटरी रिकामी केली तरी सेल्फची शाबूत राहते. व्यवस्था उत्तम आहे आणि ज्याच्या बॉनेटखाली जागा आहे त्यानं खुशाल करावी. माझ्या बॉनेटखाली एअर फिल्टरचं पिंप आहे. आणि जुनी बॅटरी टाकवत नाही म्हणून नव्या बॅटरीला समांतर जोडायचा माझा जो पुणेरी बेत होता, तो आमच्या इलेक्ट्रिशियन काकांनी एका वाक्यात मोडला: "म्हातारी नवीला पण घेऊन बसेल." समांतर जोडायच्याच तर दोन्ही एका कंपनीच्या, एका मापाच्या, एकाच वेळी घेतलेल्या हव्यात.

शेवटी घेतली ती साधी, गाडीच्याच जातीची, सीलबंद, १०० अँपिअर-अवरची बॅटरी. ट्रॅक्टरला लावतात तशा अंगाची. लेबलावर दोन आकडे असतात. एक एएच, जो सगळे बघतात. दुसरा सीसीए, जो कोणी बघत नाही. हा दुसरा आकडा उणे १८ अंशांच्या थंडीत बॅटरी काही सेकंद किती अँपिअर देऊ शकते ते सांगतो. मुळशीत उणे १८ कुठून येणार? पण ज्या बॅटरीचा हा आकडा मोठा, तिचा आतला अडथळा कमी, आणि विंचला तेच हवं असतं. एकाच एएचच्या दोन बॅटऱ्यांमध्ये सीसीए जास्त असलेली उचलली. जुनी बॅटरी परत देऊन काही रक्कम वळती केली. टर्मिनल डाव्या अंगाचं की उजव्या, हे दुकानातच ट्रेला लावून बघितलं म्हणून वाचलो, नाहीतर प्लसची वायर सहा इंच तोकडी पडली असती. ट्रे मात्र कापून वाढवावा लागला. खाली रबराचा तुकडा, वरून लोखंडी पट्टी, दोन्ही बाजूंनी आकड्याचे बोल्ट. खडबडीत वाटेवर बॅटरी हलली तर प्लेटा आतून झडतात, त्यामुळे ही बांधाबांध चांगली कसून करायची.

मग अल्टरनेटर. इथे मी माती खाल्ली.

पुण्यात गाडीचे सुटे भाग म्हणजे नाना पेठ. तिथल्या एका गल्लीत मला कुठल्याशा मोठ्या पेट्रोल गाडीचा, काढलेला, ९० अँपिअरचा अल्टरनेटर स्वस्तात मिळाला. ब्रॅकेट थोडं घासलं की बसेल असं विकणाऱ्यानं सांगितलं. विजयी मुद्रेनं तो काकांच्या बाकड्यावर ठेवला. काका आजही त्याला डायनामोच म्हणतात. त्यांनी तो उलटा करून पाठ बघितली, माझ्या जीपच्या बॉनेटखाली डोकं घातलं, आणि जुन्या अल्टरनेटरच्या मागच्या ऑइलच्या नळीला बोट लावून विचारलं, "ही नळी कुठं जोडू? तुमच्या कानात?"

पेट्रोल इंजिनाला ब्रेक बूस्टरसाठी (पेडल हलकं करणाऱ्या डब्यासाठी) लागणारी पोकळी इंजिनाच्या हवा ओढण्यातूनच मिळते. डिझेलला ती मिळत नाही, वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत तो पंप अल्टरनेटरच्या पाठीवर, त्याच दांड्यावर बसवलेला असतो. म्हणजे मी आणलेला डायनामो लावला असता तर बॅटरी झकास चार्ज झाली असती आणि ब्रेकचं पेडल दगड झालं असतं. ताम्हिणीच्या उतारावर हे कळलं नाही, बाकड्यावर कळलं. आठवड्याभरानं पंपासकटचा, त्याच इंजिनाला बसणारा, ९० अँपिअरचा नवा घेतला, दामदुप्पट पैसे देऊन. आधीचा अजून माळ्यावर आहे. कोणाला पेट्रोल गाडीसाठी हवा असल्यास सांगा.

अल्टरनेटर मोठा केल्यावर त्याच्यामागच्या गोष्टीही बघाव्या लागतात, हे तेव्हा समजलं. माझ्या डॅशबोर्डवर जुना अँमीटर होता, शून्याच्या दोन्ही बाजूंना काटा झुकणारा. दिसायला सुंदर. पण चार्जिंगचा सगळा करंट त्याच्यातून जाऊन यायचा आणि त्याची वायर होती जुन्या ४५ च्या हिशेबाची. साठ अँपिअर तिच्यातून घातले असते तर डॅशबोर्डमागून धूर आला असता. तो काटा सोडवला, अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत नवी जाड वायर फ्यूज घालून थेट ओढली, आणि अँमीटरच्या भोकात साधा व्होल्टमीटर बसवला. व्होल्टमीटर जास्त उपयोगी आहे हे डोक्याला पटतं, पण तो काटा जाताना वाईट वाटलं.

नवी बॅटरी, नवा डायनामो. आता अंगणातच चाचणी घ्यायची ठरवली. सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत मित्राची गाडी हँडब्रेक लावून, चाकांना दगड देऊन उभी केली आणि तिला ओढायला लागलो. करंट मोजायला क्लॅम्प मीटर आणला होता. तो शून्य दाखवत होता. विंच कण्हतोय, गाडी सरकतेय, मीटर शून्य. खोक्यावर बघितलं तर मीटर फक्त एसीचा. गाडीत डीसी. दुकानात परत जाऊन डीसीचा बदलून आणला. यावर घरी जे ऐकावं लागलं ते इथे देत नाही.

दुसऱ्या दिवशी आकडे मिळाले, आणि ते बघून मी खाली बसलो. मीटरवर २८० अँपिअर. बॅटरीच्या टर्मिनलवर १०.९ व्होल्ट, ठीक. पण विंचच्या मोटरच्या टर्मिनलवर फक्त ८.७. मधले सव्वादोन व्होल्ट गायब! मल्टिमीटरची एक टोचणी बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी विंचच्या प्लसवर ठेवून पुन्हा ओढ दिली, तेव्हा ०.९ दिसले. तसंच मायनसला केलं तर १.३. म्हणजे जास्त गळती अर्थच्या बाजूला होती. ज्यानं विंच बसवला त्यानं मायनसची वायर बंपरच्या ब्रॅकेटला, रंगावरच, बोल्टनं आवळली होती. तिथून चासी, चासीपासून इंजिन, इंजिनापासून एक गंजकी वेणी बॅटरीला. त्या बोल्टला ओढीनंतर हात लावला तर चटका बसला.

ही गळती किती महाग पडते ते नीट कळायला मला वेळ लागला. विंचच्या मोटरला किती अँपिअर लागणार हे ओझं ठरवतं. ती किती वेगानं फिरणार हे व्होल्ट ठरवतात. व्होल्ट कमी पोचले तरी ओझं तेवढंच, अँपिअर तेवढेच, फक्त दोर हळू येतो. म्हणजे त्याच दहा मीटरना चारऐवजी पाच मिनिटं, आणि बॅटरीतून विसाऐवजी पंचवीस. थोडक्यात, मुळशीत माझी निम्मी फजिती त्या रंगावरच्या बोल्टनं केली होती, आणि मी इकडे बॅटरी आणि डायनामोवर पैसे ओतून मोकळा झालो होतो.

वायरीसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठली. वेल्डिंगची केबल मागितली की दोन प्रकार पुढे येतात. एक तांब्याची, एक तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची. बाहेरून सारख्याच. वजनाला दुसरी हलकी लागते, आणि टोक सुरीनं खरवडलं की आत पांढरं दिसतं. मी खरवडून बघितलं तेव्हा दुकानदारानं नाराजीनं पहिलं बंडल काढलं. पन्नास चौरस मिलिमीटरची, तांब्याची, प्लस आणि मायनस दोन्ही बॅटरीपासून थेट विंचपर्यंत. लग (वायरीच्या टोकांची धातूची कडी) हातोड्यानं ठोकले नाहीत, हायड्रॉलिक क्रिम्पिंगवाल्याकडून दाबून घेतले. सोलेनॉइडच्या आधीचा स्वस्तातला कट-ऑफ स्विच काढून जाड टर्मिनलचा बसवला. हा स्विच फक्त विंचच्या फाट्यावर आहे. इंजिन चालू असताना मुख्य बॅटरीच तोडली तर अल्टरनेटरचे डायोड उडू शकतात, म्हणून तिथे हात लावायचा नाही. चासीची जुनी वेणीही बदलली, रंग घासून, चकाकी येईपर्यंत.

पुन्हा तीच जागा, तीच मित्राची गाडी. २८० अँपिअरला बॅटरीवर ११.१, विंचवर १०.४. दोराचा वेग डोळ्यांना कळण्याइतका वाढला होता. त्या आठवड्याचा केबल आणि लगांचा खर्च बॅटरीच्या निम्मासुद्धा नव्हता.

मागच्या जुलैत मुद्दाम त्याच गाडीवाटेनं गेलो. रुतायला फारसे प्रयत्न करावे लागले नाहीत. या वेळी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. हँड थ्रॉटल ओढून इंजिन दीड हजारांवर ठेवलं, म्हणजे डायनामो जागा राहतो. आणि आंब्याला कप्पी बांधून दोर दुहेरी केला. दुहेरी दोरानं विंचवरचं ओझं निम्मं होतं, दोर दुप्पट लागतो, पण कमी ओझ्यावर मोटर जोरात फिरत असल्यामुळे वेळ काही दुप्पट होत नाही. शिवाय जास्त दोर सोडल्यानं ड्रमवर पहिलाच थर उरतो, जिथे ताकद सर्वांत जास्त. मीटरवर १७०-१८० च्या वर करंट गेला नाही. एक मिनिट ओढ, मग थांबून मोटरला हात लावून बघायचं, मग पुन्हा. व्होल्टमीटर ओढताना साडेअकराच्या खाली आला नाही आणि सोडल्यावर थोड्या वेळात तेराच्या वर चढला.

ट्रॅक्टरवाले दादा बांधावर छत्री घेऊन उभे होते. जीप वर आल्यावर म्हणाले, "म्हंजे आज आमची भवानी नाय." त्यांना चहा पाजला.

एक दुखणं राहिलंय. पावसात, थंड इंजिनावर, ओढीनंतर बॅटरी भुकेली असते आणि डायनामो पूर्ण दमानं भरायला लागतो, तेव्हा पट्टा किंचाळतो. ९० अँपिअर म्हणजे इंजिनाकडून अडीच-तीन हॉर्सपॉवर, आणि ती सगळी एका ओल्या व्ही-बेल्टवर. दोनदा आवळून झाला. यापेक्षा जास्त आवळला तर डायनामोचं बेअरिंग जाईल असं काका म्हणतात. दुहेरी खाचेच्या पुल्या बसतात का ते बघायला क्रँकची पुली काढून न्यायची आहे. दिवाळीनंतर बघू म्हणालेत, पण कुठल्या दिवाळीनंतर ते विचारायचं राहून गेलं.